चुरमुरा कुणामुळे गेला

जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. मुलीला नाही. शाळेतल्या ज्या मैत्रिणीजवळ मी गुडघेदुखीपासून सासरच्या भांडणांपर्यंत सगळं बोलते, तिलाही नाही. ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं, ते माणूस गेल्या वर्षी गेलं, आणि जाईपर्यंत त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे आता ते एकट्या माझ्यापाशी उरलंय.

गोष्ट एका सशाची आहे. ऐकून हसू आलं तर हसा. मीसुद्धा इतकी वर्षं स्वतःला हेच समजावत आले – ससाच तर होता. पण ससाच होता, तर मग खोटं कशाला बोलावं लागलं मला?

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत विज्ञान शिकवते, सातवी-आठवीला. विलास, माझा नवरा, चाकणजवळ एका कारखान्यात आहे. आमची एकुलती एक मुलगी गार्गी तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडलांची बंगळूरला बदली झाली आणि त्यांचा ससा आमच्या घरी आला. पांढरा, एका कानावर तपकिरी डाग. हलका, कुरकुरीत आवाज करत खायचा, म्हणून गार्गीनं त्याचं नाव ठेवलं चुरमुरा.

आणि अक्का. विलासची थोरली बहीण. मांजरी गावची. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, दिरांनी हळूहळू बोलणं कमी केलं, तेव्हा विलास एक दिवस गेला आणि तिला घेऊन आला. मला विचारलं होतं त्यानं. मी हो म्हटलं होतं. नाही कसं म्हणणार? पण हो म्हणणं वेगळं आणि रोज पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईच्या हातच्या भांड्यांचा आवाज ऐकणं वेगळं. अक्का वाईट नव्हती. उलट. मी उठेपर्यंत ओटा लखलखीत, कणीक मळलेली, गार्गीचा डबा तयार. मला त्याचाच राग यायचा – की चिडायला कारणसुद्धा देत नाही ही बाई. मग मी कारणं शोधायची. तिचं मोठ्यानं बोलणं. तिचं 'हाय' आणि 'न्हाई'. गार्गी एकदा शाळेत 'पानी' म्हणाली, तेव्हा मी घरी येऊन अक्कासमोर गार्गीला 'पाणी' दहा वेळा म्हणायला लावलं. अक्का शेंगा निवडत होती. मान वर केली नाही तिनं.

मी पेठेत वाढलेली. टोचून बोलणं हा आमच्याकडे दुर्गुण समजत नाहीत, हुशारी समजतात.

चुरमुरा मात्र अक्काचा झाला होता. गार्गीचा तो होताच, पण गार्गी शाळेत गेली की तो अक्काच्या मागं मागं फिरायचा. ती बसली की तिच्या लुगड्याच्या काठाशी पाय पसरून लवंडायचा. मी हात पुढं केला तर पलंगाखाली. इतक्या लहान गोष्टीचं वाईट वाटावं का माणसाला? पण वाटायचं.

गार्गीनं त्याच्याबद्दल सगळं वाचून काढलं होतं. सशाचं पोट कधी थांबता कामा नये, हे तिनंच आम्हाला शिकवलं. दिवसरात्र वाळलं गवत चघळत राहिला पाहिजे. त्या गवताच्या चोथ्यानंच आतडं हलत राहतं. पाव, बिस्कीट, गोड फळं दिली की पोटात आंबतं, वायू धरतो, आतडं थंडावतं. सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढं सरकलं नाही तर तिथंच अडकतं. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या की समजायचं, काहीतरी बिघडलंय. "लेंड्या म्हणजे त्याचं प्रगतिपुस्तक आहे, आई," असं ती म्हणायची. मी वर्गात पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढणारी बाई. मला हे मुलीनं सांगायची गरज नव्हती. म्हणजे – अजाणतेपणी झालं असं मला म्हणता येणार नाही. एवढी एक पळवाट होती, तीही नाही.

गार्गी शाळेच्या शिबिराला गेली. गुरुवारी सकाळी निघाली, रविवारी संध्याकाळी परत. जाण्याआधी तिनं एक कागद फ्रिजवर चिकटवला. गवत सतत. पाणी दोनदा बदलणे. पाव नाही. बिस्कीट नाही. द्राक्षं नाहीत. आणि खाली – आई, गवत संपत आलंय, आजच मागव.

हे ती आठवडाभर सांगत होती. मोबाइल उघडून दोन बटणं दाबायची होती. मी रोज म्हणायची, आज करते. शाळेत चाचणीचे पेपर होते, पालकसभा होती. खरं सांगू? विसरले नव्हते. कंटाळा केला. गवतासाठी एवढं काय, असंही मनात होतं.

गुरुवारी दुपारी शेवटचं मूठभर गवत संपलं. संध्याकाळी मी चहाबरोबर बिस्कीट खात होते आणि चुरमुरा आला. माझ्याकडे आला. नाक हलवत, माझ्या पायापाशी. पहिल्यांदाच. मी अर्धं बिस्कीट दिलं. त्यानं ते खाल्लं आणि पुढचे पाय माझ्या गुडघ्यावर टेकवून उभा राहिला. अक्का स्वयंपाकघरात होती. मी उरलेलं अर्धंही दिलं. मग आणखी एक.

शुक्रवारी सकाळी पाव. दुपारी शाळेतून आल्यावर द्राक्षं – एक-दोन नाही, वाटीभर. तो येत होता, मी देत होते. बेचाळीस वर्षांची बाई, आणि एका जनावरानं अक्काला सोडून आपल्याकडे यावं म्हणून त्याला पाव चारत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी अक्का आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊन हरळी उपटून घेऊन आली. चांगली पदरभर. माती झटकून, धुऊन, फडक्यावर पसरली. म्हणाली, "गवात संपलंय नव्हं, तवर ही खाईल. आमच्याकडं सशाला हीच लागती."

मी म्हटलं, "अक्का, तिथं कुत्री फिरतात. आजारी पडला तर गार्गीला तुम्ही उत्तर देणार का?"

आणि ती हरळी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्या देखत.

चुरमुरा तेव्हा खात होता. तेव्हा ती हरळी त्याच्या पोटात गेली असती तर – जाऊ दे.

शनिवारी सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. पालकसभा होती. अक्का पिंजऱ्यापाशी बसली होती. "सुनीता," तिनं हाक मारली, "जरा हिकडं ये बाई. ह्याच्या लेंड्या कालपास्नं दिसंनात. दोन-चार हायेत, त्या बी तिळावानी. आन् दात खातोय बग. दुखतंय त्येला."

मी पाहिलं. चुरमुरा कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता. समोर पावाचा तुकडा तसाच पडलेला. मी तो चटकन उचलला. अक्काच्या नजरेतून तो सुटला नव्हता.

"प्वाट टम्म लागतंय हाताला," ती म्हणाली. "खात न्हाई आन् हागत न्हाई, म्हंजे आत अडकलंय. डागदरकडं न्यायला पायजे. आत्ता."

आणि मी केस बांधता बांधता म्हणाले, "अक्का, तो ससा आहे, म्हैस नाही. एक वेळ नाही खाल्लं तर मरत नाही कुणी."

वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं तेव्हा. जिना उतरतानाही वाटत होतं.

तिनं डॉक्टरचा पत्ता मागितला होता – मी एकटी जाते रिक्षानं, म्हणाली. मी म्हटलं, मी आल्यावर बघू. पत्ता गार्गीच्या वहीत होता. द्यायला मिनिटभर लागलं नसतं. पण डॉक्टर विचारणार होते ना, काय खायला घातलं? आणि अक्का सांगणार होती. म्हणून दिला नाही. हेच कारण. दुसरं काही नव्हतं.

दुपारी तिचा दोनदा फोन आला. मी पालकांशी बोलत होते. दोन्ही वेळा बंद केला. एका आईला मी त्या वेळी समजावत होते, मुलाकडे लक्ष द्यायला हवं, लहान लक्षणं दुर्लक्षित करू नयेत.

घरी आले तर अक्का त्याला मांडीवर घेऊन बसलेली. पोटावरून हलक्या हातानं बोटं फिरवत होती. कोमट पाणी ड्रॉपरनं तोंडाच्या कडेनं सोडत होती. थोडं जात होतं, थोडं तिच्या लुगड्यावर सांडत होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी नेऊ, आता दवाखाना बंद असेल. बंद नव्हता. आठपर्यंत उघडा असतो, हे गार्गीच्या वहीत लिहिलेलं होतं.

विलास रात्रपाळीला होता. घरात आम्ही दोघीच. त्या संध्याकाळी मी फ्रिजवरचा कागद काढला. बारीक बारीक तुकडे केले.

रविवारी सकाळी त्याचे कान गार पडले होते. मान टाकली होती. आम्ही रिक्षा केली. अक्कानं त्याला पदरात गुंडाळून छातीशी धरलं होतं. पूर्ण वाटेत ती एवढंच बोलली, "लई येळ केला आपण." आपण म्हणाली. 'तू' नाही, 'मी' नाही – आपण.

डॉक्टर तरुण बाई होत्या. पोट तपासलं, नळी लावून ऐकलं, आणि म्हणाल्या की आतून आवाजच येत नाहीये. आतडं थांबलंय, वायू भरलाय. मग मान वर करून विचारलं, "कधीपासून खात नाही?"

"काल रात्रीपासून," मी म्हटलं.

"गवत खातो ना नियमित? गेल्या दोन-तीन दिवसांत वेगळं काय दिलं? पाव, बिस्कीट, फळं?"

इथं आले मी. इतकी पानं फिरून इथंच यायचं होतं.

मी अक्काकडे पाहिलं नाही. डॉक्टरकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाले, "मी शाळेत असते हो. घरी या असतात. यांना सवय आहे काहीबाही चारायची. पाव, बिस्कीट. मी किती वेळा सांगितलं, पण गावाकडची माणसं आहेत, त्यांना पटत नाही."

डॉक्टर अक्काकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आजी, सशाला हे चालत नाही. आणि असं झालं की लगेच आणायचं असतं. बारा तास म्हणजे त्यांच्यासाठी खूप झाले."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. तो राग असता तर बरं झालं असतं, मी त्याला उत्तर दिलं असतं. तिनं असं पाहिलं, जसं एखाद्या मुलाला परीक्षेत कॉपी करताना पाहिल्यावर मी पाहते – आधी विश्वास बसत नाही, आणि मग आपल्यालाच लाज वाटते. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय."

एवढंच. व्हय.

डॉक्टरांनी सलाइन टोचलं, वेदना कमी करायचं औषध दिलं, गरम पिशवीवर ठेवलं. साडेअकराच्या सुमारास चुरमुऱ्यानं एकदा पाय ताणले, एक चिरका आवाज काढला – ससे आवाज काढत नाहीत असं आपण समजतो – आणि गेला. अक्काचा हात त्याच्या पाठीवर होता. माझा पर्सवर.

संध्याकाळी गार्गी आली. सॅक पाठीवर, रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत. अजूनही मला संधी होती. डॉक्टर परक्या होत्या. त्यांच्यासमोर लाज राखायला खोटं बोलले, असं म्हणता आलं असतं. आता पोटची मुलगी समोर होती. तिनं विचारलं, "काय दिलं होतं त्याला?" आणि मी तेच म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त सोपं गेलं. "आत्यानं पाव घातला, बाळा. तिला कळत नाही गं."

गार्गी आत्यासमोर जाऊन उभी राहिली. बारा वर्षांची पोर. "मी लिहून ठेवलं होतं," म्हणाली. "तुला वाचता येत नाही का?"

अक्काला वाचता येत होतं. चौथीपर्यंत शिकली होती ती. रोज पेपर वाचायची, ओठ हलवत. ती म्हणाली, "चुकलं माजं, गारू."

का? हे मी सात वर्षं विचारतेय. आईचं खोटं मुलीसमोर उघडं पडू नये म्हणून? की आपण या घरात कुणाच्या तरी मेहरबानीवर आहोत, हे तिनं माझ्या चेहऱ्यावर इतक्या वेळा वाचलं होतं, की भांडून काही होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं? पहिलं उत्तर मला सोसत नाही. दुसरं त्याहून सोसत नाही.

विलासही बोलला तिला. जेवताना. "अक्का, हे मांजरी नाही. इथं विचारून करत जा." मी पोळी वाढत होते.

गार्गीनं तिच्याशी बोलणं टाकलं. डबा नेईना, मी केला तरच नेते म्हणाली. मला – हेही लिहायलाच हवं – मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. मुलगी माझ्याकडे आली होती. घर माझं झालं होतं. पंधरा दिवसांनी अक्कानं पिशवी भरली. मांजरीला चुलतभावाच्या घरामागं एक पत्र्याची खोली होती, तिथं राहते म्हणाली. विलासनं दोनदा नको म्हटलं. मी एकदाही नाही.

त्या खोलीत ती सहा वर्षं राहिली. आम्ही सणावाराला जायचो. पहिल्याच दिवाळीत माझ्या लक्षात आलं. चुलतभावाची नातवंडं अंगणात खेळत होती आणि अक्काच्या हातात चिक्कीची पुडी होती. एक पोर येऊन हात पसरून उभं राहिलं. अक्कानं त्याच्या आईला हाक मारली – "ह्येला दिऊ का गं? चालंल का?" सून म्हणाली, "अहो आत्याबाई, त्यात काय विचारायचं?" पण अक्का प्रत्येक वेळी विचारायची. पोराला, गाईला, दारातल्या कुत्र्याला काही द्यायचं तरी आधी कुणाला तरी विचारायची. जी बाई जन्मभर गुरं सांभाळत आली, जिला हात लावून जनावराचं दुखणं कळायचं, ती वासराला भाकरीचा तुकडा द्यायला परवानगी मागत होती. मी ते पाहिलं, आणि तिनं मी पाहतेय हे पाहिलं. चहा प्यायले आणि निघाले.

तिला सांगावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा मी एकटीच गेले होते. गार्गीचा दहावीचा निकाल लागला होता, पेढे घेऊन. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "अक्का, ते त्या वेळचं –" आणि तिनं मला थांबवलं. "पेढं लई ग्वाड हायेत गं," म्हणाली. "गारूला म्हणावं, आत्यानं खाल्लं." तिनं मला वाचवलं की शिक्षा दिली? मी जोर करू शकले असते. तिनं थांबवलं म्हणून मी थांबले नाही. मी थांबायचं कारणच शोधत होते.

गेल्या वर्षी तिला ताप आला, न्यूमोनिया झाला, आणि आठवड्यात गेली. आम्ही पोचेपर्यंत शुद्ध नव्हती.

तेराव्याला मांजरीत अंगणात पंगत बसली होती. गार्गी आता एकोणीस वर्षांची आहे. पशुवैद्यकीला जायचं होतं तिला, मार्क कमी पडले. माझ्या शेजारी चुलतभावाची सून वाढत होती, अक्काबद्दल बोलत होती – किती माया करायची सगळ्यांवर, जनावरांवरसुद्धा. गार्गी ऐकत होती. सून पुढं गेली तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "आई, आत्या चांगली होती गं. पण माझ्या चुरमुऱ्याला तिनंच मारलं. मी कधी माफ नाही करू शकले तिला. आता वाईट वाटतं."

अंगणभर माणसं होती. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती, काहीतरी बोलेन म्हणून.

मी "हं" म्हटलं. आणि तिच्या पानात भात वाढला.